पंगत मांडा, पण पहिले पान कुणाचे?

बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात उपाहारगृहांची रांग उभारावी, जेथे चात्या फिरत होत्या तेथे आकाशपाळणे फिरवावेत आणि जेथे पाळीचा भोंगा वाजत होता तेथे सायंकाळी वाद्यवृंद वाजावा, ही कल्पना आता मुंबईच्या परळ-लालबागपुरती राहिलेली नाही. रेल्वेच्या आणि राजरस्त्याच्या वाटेने ती खान्देशात येऊन पोचली आहे. जळगावात तिने पाऊल टाकले त्याला काही वर्षे लोटली. धुळे, अमळनेर, चाळीसगाव ही गिरण्यांची जुनी गावे तिच्या वाटेवरच आहेत. आणि मुक्ताईनगर, बोदवड यांसारख्या कापसाच्या पेठांत एखाद्या जिनाचे वा प्रेसचे आवार ओस पडले, तर तेही तिच्या दृष्टीतून सुटेल असे नाही. यास्तव या कल्पनेचे स्वागत करावे की तिला विरोध करावा, हा प्रश्न आजच विचारून घेतला पाहिजे. कुंपण पडल्यावर आणि पाया भरल्यावर विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे मिळत नसतात. मिळतात त्या केवळ न्यायालयाच्या तारखा.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. जुन्या कारखान्याच्या जागी खाद्यपेठ व करमणुकीची जागा उभी राहण्यास आमचा विरोध नाही. माणसाने खावे, हिंडावे, चार घटका हसावे यात पाप आहे असे मानणाऱ्या पंथाचे आम्ही नव्हे. परंतु ज्या जमिनीवर तीन पिढ्यांनी घाम गाळला, त्या जमिनीवर पंगत मांडावयाची असेल, तर पहिले पान कुणाचे, हे यजमानाने सांगितले पाहिजे. आमचा वाद पंगतीशी नाही. पानांच्या क्रमाशी आहे.

हा क्रम का महत्त्वाचा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास लोहमार्ग तापीच्या खोऱ्यात शिरला. जळगाव नावाच्या मध्यम वकुबाच्या गावाची मोठी पेठ झाली ती या दोन गोष्टींच्या योगाने. पुढे १८७३ साली मुळजी जेठा यांच्या पेढीने येथे खान्देश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी केली. मुंबईबाहेर, कापसाच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर सूत काढण्याचे धाडस त्या काळी थोड्यांनीच केले होते. एदलाबाद म्हणून तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या आजच्या मुक्ताईनगरची काळी जमीन, पूर्णेचा आणि तापीचा काठ, जामनेर-बोदवडचा मुलूख, असा सारा पूर्व खान्देश कापूस पिकवीत होता, आणि जळगावची पेठ व गिरणी त्या कापसावर उभी होती. गिरणी शहरात होती खरी. पण तिचे एक मूळ खेड्यातल्या बांधावर होते. म्हणून त्या जागेचे काय होते, याची विचारपूस करण्याचा हक्क जळगावकराइतकाच मुक्ताईनगरच्या शेतकऱ्यालाही आहे, असे आम्ही समजतो.

गिरणी म्हणजे केवळ यंत्रे नव्हेत. गिरणीने जळगावला घड्याळ दिले. भोंग्यावर घरातील चूल पेटे आणि भोंग्यावर विझे. गिरणीने शेतमजुराच्या मुलाला महिन्याचा पगार, भविष्यनिर्वाह निधीचे खाते आणि संघटनेची वर्गणी भरल्याची पावती दिली. मुळजी जेठा हे नाव आज जळगावात एका मोठ्या महाविद्यालयाला आहे. खान्देशातील हजारो पदवीधर 'एम. जे.'चे विद्यार्थी म्हणून मिरवतात. तिकडे अमळनेरात प्रताप शेठजींची गिरणी १९०६ साली स्थापन झाली आणि त्याच गावात त्यांच्या दातृत्वातून शाळा व तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. ज्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिकवीत, त्या शाळेच्या नावामागे गिरणीमालकच आहे. भांडवलाचे सारेच व्यवहार उजळ होते असे आम्हांस म्हणावयाचे नाही. संप झाले, तंटे झाले, कामगारांनी सोसले. परंतु त्या पिढीच्या मालकास एवढे ठाऊक होते की, गावाकडून घेतलेल्यातले काही गावाला परत द्यावे लागते. आजच्या नव्या विकासकांस ही जाणीव आहे की नाही, हा आमच्या लेखाचा खरा विषय आहे.

खान्देश मिलच्या इतिहासातील एक प्रकरण तर साऱ्या देशाच्या कामगार कायद्यात नोंदले गेले आहे. पण जळगावच्या तरुण पिढीस त्याची वार्ता असेल असे वाटत नाही. बोनसच्या प्रश्नावरून ही कंपनी आणि येथील राष्ट्रीय गिरणी कामगार संघ यांच्यात झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९६० साली त्याचा निकाल लागला. नफ्यातून यंत्रसामग्रीच्या पुनर्वसनासाठी रक्कम आधी वगळावी आणि मग उरलेल्यातून बोनसचा हिशेब करावा, हा मालकपक्षाचा दावा होता. न्यायालयाने जे तत्त्व सांगितले त्याचा मथितार्थ असा की, अशा वजावटी नुसत्या म्हणण्यावर मान्य होत नाहीत. ज्याने दावा केला त्याने तो पुराव्याने शाबीत केला पाहिजे. पुढे देशभरच्या बोनस प्रकरणांत या निकालाचा आधार घेतला गेला. जळगावच्या गिरणी कामगाराने भारताच्या न्यायव्यवस्थेकडून मिळविलेला हा धडा आहे, आणि तो आज आम्हांस फार उपयोगी वाटतो. कारण 'रोजगार निर्माण होईल', 'शहराचा कायापालट होईल', 'स्थानिकांना प्राधान्य देऊ' हे जे दावे प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या रंगीत पत्रकावर छापलेले असतात, ते सारे नुसते म्हणणेच असते. त्यांचा पुरावा कोण मागतो? १९६० साली कामगाराने मागितला होता. आज नागरिकाने मागावयास हवा.

पुढे काळ पालटला. यंत्रे जुनी झाली, यंत्रमागाने स्वस्त कापड बाजारात ओतले, कृत्रिम धाग्याने सुताला मागे रेटले, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्रातील गिरण्या एकामागून एक थंडावल्या. खान्देश मिलही थंडावली. रेल्वे स्थानकाजवळचे तिचे आवार आज 'खान्देश सेंट्रल' या नावाने लोक ओळखतात. तेथे व्यापारी संकुल उभे आहे. गिरणीचे नाव पत्त्यात उरले. रिक्षावाल्याला ते अजून समजते. पण त्या संकुलात संध्याकाळी हिंडणाऱ्या विशीतल्या मुलाला, आपण चालतो त्या फरशीखाली आपल्या आजोबांची पाळी गाडलेली आहे, हे सांगणारे कुणी नाही.

प्रतिपक्षाची बाजू आम्ही टाळणार नाही. गिरणी परत चालू होणार नाही, हे सत्य आहे. ओस पडलेल्या आवारात रान माजते, भंगारचोर शिरतात, आणि शहराच्या मध्यावरची मोलाची जागा कुणाच्याच उपयोगी पडत नाही. तरुणांना विरंगुळ्याची ठिकाणे हवीत. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जाणाऱ्या आमच्या जिल्ह्यात संध्याकाळी कुटुंबासह निवांत बसता येईल अशा सावलीच्या जागा किती आहेत? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नाहीत. जगाने ही वाट आधीच चोखाळली आहे. सान फ्रान्सिस्को येथील घिरार्डेली नावाचा चॉकलेटचा जुना कारखाना न पाडता १९६४ साली त्याचा दुकानांचा व उपाहारगृहांचा चौक करण्यात आला. पोलंडमधील लोड्झ हे तर आमच्या जळगाव-धुळ्याचे थोरले भावंड शोभावे असे कापडगिरण्यांचे शहर. तेथील पोझनान्स्की यांच्या प्रचंड गिरणीच्या लाल विटांच्या इमारती राखून २००६ साली तेथे बाजार, खाणावळी आणि करमणुकीचे मोठे केंद्र उघडले. म्हणजे काम अशक्य नाही, निंद्यही नाही. किंबहुना जुनी वास्तू पाडण्यापेक्षा तिला नवा उपयोग देणे केव्हाही शहाणपणाचे.

परंतु याच वाटेवर मुंबईने ज्या ठेचा खाल्ल्या, त्या आम्ही विसरावयाच्या काय? १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या संपाचा औपचारिक शेवट कधी झालाच नाही, गिरण्याच संपल्या. मग गिरणगावातील सुमारे सहाशे एकर जमिनीचा प्रश्न पुढे आला. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने एक सरळ वाटणी सांगितली होती: एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी गृहनिर्माण मंडळाला, आणि उरलेली मालकाला. १९९६ साली चार्ल्स कोरिया समितीने या जमिनींचा सुटासुटा नव्हे, तर एकत्र विचार करावा असे सुचविले. ते कागदावर राहिले. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी साऱ्या जमिनीची न राहता केवळ मोकळ्या पडलेल्या तुकड्याची झाली. बांधकामाखालची जमीन वाटणीतून निसटली. गिरणीत मोकळी जागा असते ती कितीशी? २००५ साली उच्च न्यायालयाने सार्वजनिक हिताच्या बाजूने कौल दिला. २००६च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून दुरुस्ती कायम ठेवली. नियमातील एका शब्दाच्या अर्थाने मुंबईच्या मैदानांचे आणि घरांचे भवितव्य असे बदलले. गिरणी कामगार व त्यांचे वारस घरासाठीचे अर्ज हातात घेऊन आजही मोर्चे काढीत आहेत.

दुसरी ठेच याहून भयंकर आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात, गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागली आणि १४ माणसे प्राणास मुकली. कित्येकांनी जीव वाचविण्यासाठी स्वच्छतागृहाचा आसरा घेतला आणि तेथेच ती धुराने गुदमरली. ही माणसे गिरणीत राबावयास नव्हे, आनंदाचे चार क्षण घालवावयास गेली होती. गिरणीच्या काळात कापसाचे तंतू हवेत उडत, ठिणगीचे भय रोजचे असे. म्हणून जुना कामगार आवारात बिडीसुद्धा जपून ओढी. त्याच आवारात नव्या युगाने गच्चीवर जळाऊ छते बांधावीत, वाटा अडवाव्यात, आणि तपासणी करणाऱ्यांनी ते पाहूनही न पाहावे, याला प्रगती म्हणावयाचे काय? महाराष्ट्रात आग प्रतिबंधक उपाययोजनांचा अधिनियम २००६ पासून आहे. आगनिवारणाची साधने चालू असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा देण्याची जबाबदारी त्याने मालक व भोगवटादारावर टाकली आहे. कायद्याची उणीव कोठेच नाही. उणीव आहे ती कागद आणि शिडी यांतील अंतर मोजणाऱ्या माणसाची.

आता मुंबईकडे पाठ फिरवून उत्तरेकडे पाहू. मुक्ताईनगरहून बऱ्हाणपूरमार्गे जाणारा रस्ता इंदूरला पोचतो, आणि आमच्या भागातील कित्येक कुटुंबांना इंदूर हे मुंबईहून अधिक ओळखीचे आहे. तेथील हुकुमचंद मिल १९९२ साली बंद पडली. कामगारांनी आपल्या देण्यांसाठी न्यायालयात जी झुंज दिली, ती तीन दशके चालली. तिचा शेवट कसा झाला, हे प्रत्येक नगरसेवकाने ध्यानात घ्यावे. मध्य प्रदेश शासनाने पैसे आधी भरले, गिरणीची जमीन ताब्यात घेतली, आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांची देणी चुकती करण्यासाठी धनादेश सुपूर्द झाला. सुमारे ४,८०० कामगार कुटुंबांचा त्यात संबंध होता. जमिनीचा निवासी व व्यापारी विकास त्यानंतरचा. उशीर अक्षम्य झाला. कित्येक कामगार तो दिवस पाहण्यापूर्वीच डोळे मिटून गेले. परंतु क्रम योग्य होता. आधी देणे, मग बांधणे. आम्ही ज्याला पहिले पान म्हणतो, ते हेच.

इंदूरची दुसरी शिकवण खाण्याच्या संदर्भातली आहे. त्या शहराची खाद्यकीर्ती कुणा विकासकाने निर्माण केलेली नाही. दिवसा सोन्याचांदीची दुकाने आणि रात्री त्यांच्याच ओट्यांपुढे जिलबी, गराडू, भुट्ट्याचा कीस, अशी तेथील सराफ्याची रीत आहे. छप्पन दुकानची रांगही तशीच छोट्या दुकानदारांच्या हातांनी नावारूपाला आली. तिचे रूप पालटले तेही त्याच दुकानदारांना तेथेच ठेवून. खाद्यसंस्कृती इमारतीत नसते, हातात असते. हात हुसकावून लावले, तर उरतात ती एका साच्याची दुकाने. ती जळगावात असली काय आणि जबलपुरात असली काय, भाव तोच आणि चवही तीच.

आणि खान्देशाचे हात काही रिकामे नाहीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कळण्याची भाकरी, शेवभाजी, पाटवडीची आमटी, वरण-बट्टी, खापरावर हातांनी पसरलेली पुरणपोळी, ज्वारीच्या बिबड्या: ज्या ताटासाठी पुण्या-मुंबईचा खान्देशी माणूस वर्षभर झुरतो, ते ताट मुक्ताईनगर, रावेर, यावल येथील माउल्या रोज रांधतात. उन्हाळ्यात अंगणातील खाटेवर बिबड्या वाळवणारी बाई, हीच आमच्या खाद्यपेठेची खरी भांडवलदार आहे. तिला त्या नव्या संकुलात गाळा मिळणार आहे काय? मिळणार असेल तर कोणत्या भाड्याने? की तिने मागच्या दाराने बिबड्यांची गाठोडी पोचवावयाची, आणि दर्शनी दालनात दुसऱ्याच कुणी त्या चौपट भावाने विकावयाच्या?

हा भावनेचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. फेरीवाल्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा २०१४चा केंद्रीय कायदा सांगतो की, नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य स्वतः विक्रेत्यांतले असले पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. केंद्र शासनाने २०२३ साली देशात स्वच्छ व आरोग्यदायी अशा १०० खाद्यगल्ल्या उभारण्याचे ठरविले आणि प्रत्येकीसाठी १ कोटी रुपयांचे साहाय्य देऊ केले. म्हणजे हातगाडीवाला हा शहराच्या तोंडावरचा डाग नसून शहराच्या अर्थव्यवस्थेचा घटक आहे, हे तत्त्व राज्यकर्त्यांनी मान्य केलेले आहे. मग जुन्या औद्योगिक जागेवर खाद्यपेठ मंजूर करताना त्याच तत्त्वाचा विसर का पडावा?

या साऱ्या विवेचनावरून आमच्या मागण्या स्पष्ट होतात, आणि त्या आम्ही संदिग्ध ठेवू इच्छीत नाही. पहिली मागणी देण्यांची. ज्या गिरणीच्या वा कारखान्याच्या कामगारांचा पगार, निधी, ग्रॅच्युइटी यांतील एक रुपयाही देणे असेल, त्या जागेच्या वापरात बदल करण्याची परवानगी, ती रक्कम चुकती झाल्याशिवाय वा न्यायालयात भरल्याशिवाय देऊ नये. १९८५ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांची देणी तारणदार बँकांच्या बरोबरीला आणून बसविण्यात आली. २०१६च्या दिवाळखोरी संहितेनेही विसर्जनापूर्वीच्या २४ महिन्यांची देणी त्याच पायरीवर ठेवली. कायदा कामगाराला बँकेच्या पंक्तीला बसवितो. पालिकेने त्याला दाराबाहेर उभे करू नये.

दुसरी मागणी जागेची. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. विकास आराखड्यात फेरबदल करावयाचा, तर जनतेच्या हरकती व सूचना मागविणे त्याने आवश्यक ठरविले आहे. ही सुनावणी उरकण्याचा विधी नव्हे. अशा प्रत्येक जागेचा ठरावीक हिस्सा तिकीट न लावता सर्वांसाठी खुला राहील, तेथे झाडे आणि पाण्याची सोय असेल, आणि तो हिस्सा इमारतीखालची जमीन धरून साऱ्या क्षेत्रावर मोजला जाईल, हे मंजुरीच्या अटींत लिहिले जावे. मुंबईत एका शब्दाने जे हातचे गेले, ते येथे त्याच शब्दाने राखता येईल.

तिसरी मागणी गाळ्यांची. काही गाळे माफक भाड्याने आणि दीर्घ मुदतीने महिला बचत गटांसाठी, शेतकरी गटांसाठी आणि त्या भागात आधीपासून धंदा करणाऱ्या हातगाडीवाल्यांसाठी राखले जावेत, जुन्या कामगारांच्या वारसांना नोकरीत अग्रक्रम मिळावा, आणि किती जणांना तो मिळाला याची यादी दर वर्षी पालिकेच्या फलकावर लागावी. दावा करणाराने पुरावा द्यावा, हे जळगावच्याच खटल्याने देशाला शिकविले आहे. चौथी मागणी सुरक्षेची. आगीच्या तपासणीचे प्रमाणपत्र मालकाच्या कपाटात नव्हे, दर्शनी भिंतीवर लागावे. ज्याच्या गच्चीवर छप्पर चढले वा ज्याच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर खुर्च्या आल्या, त्याचे दार त्याच रात्री बंद व्हावे. आणि पाचवी मागणी स्मृतीची. प्रत्येक अशा जागेत एक दालन तरी गिरणीचे असावे: जुना भोंगा, हजेरीचे पितळी बिल्ले, पगाराची पुस्तके, कामगारांची छायाचित्रे. त्याला खर्च तो किती? नव्या आकाशपाळण्याच्या दिव्यांच्या रोषणाईएवढाही नाही.

'एवढ्या अटी घातल्या तर गुंतवणूकदार येणार नाही,' हे उत्तर आम्हांस पाठ आहे. त्याला आमचे प्रत्युत्तर असे की, जो गुंतवणूकदार कामगाराचे देणे बुडवूनच नफ्यात येऊ शकतो, तो न आलेलाच बरा. शिवाय हा हिशेबही चुकीचा आहे. देण्यांचा वाद असलेली जमीन ही कर्जाच्या बाजारातही खोटे नाणे असते. न्यायालयाच्या मनाई हुकुमाने जी बांधकामे अर्धवट उभी राहिली, त्यांचे व्याज कुणाच्या खिशातून गेले? आधी चुकते करणारा मालक परोपकार करीत नाही. तो आपलीच वाट निर्वेध करून घेतो. आणि ज्या पेठेत गावच्या बाईचा गाळा असतो, त्या पेठेत गाव येतो. बाहेरून आणलेल्या झगमगाटाला पहिल्या दिवाळीला गर्दी होते. तिसऱ्या दिवाळीला गाळ्यांवर 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्या लागतात.

मुक्ताईनगरच्या नगरपंचायतीस आणि तेथील सुजाण नागरिकांस आमचे एक वेगळे सांगणे आहे. आपले गाव राष्ट्रीय महामार्गावर आहे. सुरत-नागपूर आणि जळगाव-इंदूर या दोन्ही वाहतुकी आपल्या दारावरून जातात. मुक्ताईच्या यात्रेला विदर्भातून, मध्य प्रदेशातून माणसे येतात. मोक्याची मोठी आवारे उद्या खाणावळी आणि करमणुकीच्या जागांसाठी मागितली जाणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. जळगाव-मुंबईने जे प्रश्न उशिरा विचारले, ते आपण आधी विचारू शकता. जेथून मानाची पालखी पंढरीला निघते आणि वाटेवरचे प्रत्येक गाव वारकऱ्याला आपण होऊन जेवू घालते, त्या गावाला अन्नाची प्रतिष्ठा कुणी शिकवावयास नको. अन्न विकावे, त्यात उणेपणा नाही. पण ज्याच्या कष्टावर ताट उभे आहे त्याला उपाशी ठेवून विकू नये, एवढेच त्या परंपरेचे मागणे आहे.

मुक्ताईनगरच्या परिसरात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ आहे. आख्यायिका साऱ्यांना ठाऊक आहे. ज्ञानदेवांना काय लिहावे हे न सुचून चांगदेवाने कोरेच पत्र धाडले, आणि ते पाहून, चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला, असे धाकट्या मुक्ताईने फटकारले. आज गिरणीच्या जमिनीचे नकाशे मंजुरीसाठी पुढे येतात तेव्हा तेही असेच कोरे असतात. जणू तेथे कधी कुणी राबलेच नाही, कुणाचे काही देणे नाही, कुणाच्या आठवणी नाहीत. तो कागद कोरा नाही. त्यावर दीडशे वर्षांचा मजकूर आहे. ज्यांच्या सहीने तो मंजूर व्हावयाचा, त्यांनी सही करण्यापूर्वी तो वाचावा. न वाचता सही केली, तर मुक्ताईचा प्रश्न त्यांनाही चुकणार नाही.